आजींच्या सोबतीला आलेला सरडा

गणपती उठून चार-पाच दिवस झाले असतील. पळसदेवातील एका शेतकरी कुटुंबातील आजींना त्यांचे चिरंजीव आणि सूनबाई मोटारसायकलवर मध्ये धरून दवाखान्यात घेऊन आले. वय 78, मधुमेह जुना, रक्तदाबाची गोळी रोजची. तीन दिवसांपासून ताप, पोटात पीळ पडून दिवसाला आठ-दहा जुलाब. जीभ कोरडी पडलेली, वरचा रक्तदाब जेमतेम 90. सणासुदीचे खाणे बाधले असावे, असा घरच्यांचा तर्क होता आणि खरे सांगायचे तर माझाही. सलाइन सुरू केले, रक्ताचे आणि शौचाचे नमुने बारामतीला तपासणीसाठी पाठवले. घरात नवे जनावर आणले आहे का, हा प्रश्न मी अशा वेळी सवयीने विचारतो. खेड्यात करडू नाही तर कोंबडीची पिल्ले कोणी ना कोणी आणलेलीच असतात. आजी क्षीण आवाजात म्हणाल्या, "नातवाचा सरडा हाय की, डॉक्टर. माझ्याच खोलीत असतो. लई गुणाचा हाय."

संध्याकाळी घरी जाऊन पाहिले. आजींच्या खाटेशेजारी मोठी काचपेटी, तीत दिवा, आणि पेटीच्या झाकणावर ऐसपैस पहुडलेला, शेपटीसह चार फूट लांबीचा हिरवट इग्वाना. नातू पुण्यात नोकरी करतो. तिथल्या सोसायटीतील शेजाऱ्यांनी तक्रार केली, म्हणून त्याने प्राणी गावी आणून ठेवला होता. आजीला सोबत होईल, हाही त्यामागचा एक प्रेमळ विचार. आजी त्याला पालक आणि जास्वंदीची फुले भरवीत, त्याची पाण्याची ताटली स्वयंपाकघरातील मोरीत धूत, आणि पदराला हात पुसून भाकरी थापायला बसत.

चार दिवसांनी अहवाल आला: साल्मोनेला. आपल्याला परिचित असलेला टायफॉइडचा जंतू याच कुळातला. मात्र टायफॉइडचा जंतू फक्त माणसात वाढतो, तर त्याच्या अनेक भाऊबंदांना प्राण्यांचे आतडे मानवते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात हे जंतू निमूटपणे राहतात. प्राणी आजारी दिसत नाही, चांगला टवटवीत असतो. पण त्याच्या विष्ठेतून जंतू बाहेर पडून अंगावर, पेटीवर, पाण्याच्या भांड्यावर पसरतात आणि कोरड्या पृष्ठभागावरही कित्येक दिवस टिकून राहतात. आजींचा आजार इग्वानाकडूनच आला, हे मी सिद्ध करू शकत नाही. कच्च्या अंड्यातून, नीट न शिजलेल्या कोंबडीतूनही हाच जंतू येतो. पण घरातील इतर चौघांनी तेच जेवण जेवूनही फक्त आजीच अंथरुणाला खिळल्या, हे विचारात घेण्याजोगे आहे.

तरुण माणसाला हा आजार बहुधा चार-सात दिवस त्रास देऊन सोडतो. वार्धक्यात तसे नसते. प्रतिकारशक्ती मंदावलेली असते. आम्लपित्तासाठी रोज घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांनी जठरातील आम्ल, म्हणजे जंतूंविरुद्धचे पहिले कुंपणच, कमी झालेले असते. मधुमेह असेल तर आणखी भर. जंतू आतड्याची भिंत ओलांडून रक्तात उतरण्याचा धोका याच वयात अधिक. शिवाय जुलाबांनी शरीरातील पाणी कमी झालेले असताना लघवी वाढवणारी किंवा रक्तदाबाची गोळी, तसेच मधुमेहावरील मेटफॉर्मिन नेहमीप्रमाणे चालू राहिले, तर मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून ज्येष्ठांना ताप आणि जुलाब एकत्र सुरू झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि कोणती गोळी किती दिवस थांबवायची हे त्यांनाच विचारावे. आपल्या मनाने गोळी थांबवू नये आणि रेटूनही देऊ नये. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसचे एक पूर्ण पाकीट मिसळून घोट घोट पाजत राहावे. जुलाब बंद करणारी गोळी दुकानातून परस्पर आणणे अशा तापात घातक ठरू शकते.

अमेरिकेत 1975 साली चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आली, ती याच जंतूमुळे. ती इवलीशी कासवे मुले तोंडात घालत. पाच वर्षांखालील मुले, पासष्टीपुढील माणसे आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण ज्या घरात आहेत, तिथे सरपटणारा प्राणी पाळूच नये, असा तिकडच्या आरोग्ययंत्रणेचा सल्ला आहे. आपल्या एकत्र कुटुंबांत तर पणतू आणि पणजी एकाच छताखाली असतात.

नातवाचा फोन आला तेव्हा त्याला आजीच्या प्रकृतीइतकीच दुसरीही एक धास्ती होती. प्राणी विकणाऱ्याने त्याला सांगितले होते की, हा परदेशी जीव, याला भारतीय कायदा लागू नाही. मी वकील नव्हे; पण ओळखीच्या वन अधिकाऱ्यांकडून नीट समजून घेतले, ते इथे मांडतो. विक्रेत्याचे म्हणणे एके काळी बरेचसे खरे होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा भर आपल्या देशातील प्राण्यांवर होता आणि परदेशी जीव एकदा सीमेच्या आत आला की त्याची विचारपूस करणारे फारसे कोणी नव्हते. 2022 च्या दुरुस्तीने हे चित्र पालटले. ही दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून अमलात आली. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटिस करारातील जातींसाठी कायद्यात चौथी अनुसूची आली. इग्वाना, परदेशी अजगर हे तिच्यात मोडतात. फेब्रुवारी 2024 मध्ये नोंदणीचे नियम निघाले. ज्यांच्याकडे असे प्राणी आधीपासून होते, त्यांना केंद्र सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावर नोंदणीसाठी सहा महिन्यांची मुदत मिळाली. ती ऑगस्ट 2024 मध्ये संपली. त्यानंतर असा प्राणी ताब्यात आला, तर त्याची नोंदणी वेळेत करणे बंधनकारक आहे. पिल्ले झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा तो मेला, तरी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवावे लागते.

नातवाकडे ना पावती होती, ना नोंदणी. प्राणी आला कुठून, हेही त्याला ठाऊक नव्हते. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांत कोंबलेले सरडे, साप, कासवे मुंबई विमानतळावर पकडल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. अशा बॅगेतील काही जीव वाटेतच मरतात आणि जे जगतात त्यांतले काही कोणाच्या तरी दिवाणखान्यात पोहोचतात. विकताना इग्वाना तळहाताएवढा असतो; पुढे तो पाच-सहा फुटांपर्यंत वाढतो आणि नीट निगा राखली तर पंधरा वर्षांहून अधिक जगतो. त्याच्या शेपटीचा फटका चाबकासारखा बसतो. वार्धक्यातील पातळ त्वचा त्याच्या नखांनी सहज फाटते, आणि हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्त लवकर थांबत नाही. आजींच्या मनगटावरचे ओरखडे मी मोजले, अकरा होते.

परदेशी प्राण्याला निदान नोंदणीची वाट आहे. आपल्या मातीतल्या घोरपडीला तीही नाही. ती पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला आहे. तिला पकडणे, पाळणे, मारणे, तिचे मांस, कातडे किंवा तेल बाळगणे हा गुन्हा असून शिक्षा किमान तीन वर्षे, कमाल सात वर्षे कारावास आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड अशी आहे. ती आपल्याच उसात सापडली म्हणून आपली होत नाही. शुभ म्हणून घरात ठेवले जाणारे तारा कासवही आता याच अनुसूचीत आहे; अनेक सज्जन कुटुंबांना याची कल्पनाच नसते.

घोरपडीबद्दल मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण इग्वाना शंभरात एखाद्या घरी असेल, पण घोरपडीच्या तेलाची बाटली माझ्या कितीतरी वृद्ध रुग्णांच्या उशाशी मी पाहिली आहे. सिंहगडाच्या कड्याला चिकटलेल्या यशवंतीची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. इतिहासाच्या अभ्यासकांना ती मान्य नसली, तरी घोरपडीची पकड आपल्या मनात घट्ट बसली आहे, आणि जिची पकड एवढी चिवट, तिच्या चरबीने आपले सांधेही घट्ट होतील, असा हिशेब माणूस नकळत करतो. आठवडी बाजारात चादर अंथरून बसणारा विक्रेता हाच हिशेब विकतो. कधी बाटलीवर घोरपडीऐवजी राजस्थान-कच्छच्या वाळवंटातील सांड्याचे नाव असते. तो जीवही कायद्याने संरक्षितच. चरबी ही चरबीच. तिच्याने झिजलेली गुडघ्याची कूर्चा भरून येत नाही. चोळल्यावर वाटणारा आराम मालिशीचा आणि उबेचा असतो, आणि तो तिळाच्या तेलानेही मिळतो.

सत्तरी ओलांडलेल्या एका आबांची रक्तातील साखर अचानक चारशेवर गेली. पथ्य काटेकोर, गोळ्या वेळच्या वेळी. खोदून विचारल्यावर समजले की तेलासोबत विक्रेत्याने पोटात घेण्यासाठी पुड्याही दिल्या होत्या, आणि पुडी घेतली की गुडघा तासाभरात मोकळा होई. चेहराही सुजरा दिसू लागला होता. अशा जादूच्या पुडीत स्टिरॉइड मिसळलेले असते, हा आम्हा डॉक्टरांचा नेहमीचा अनुभव. ती एकाएकी बंद करणेही धोक्याचे. आबांना योग्य मात्रा देऊन ती हळूहळू उतरवावी लागली. आबा रागावून म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या गोळीपेक्षा त्याच्या पुडीनं गुण दिला होता." त्यावर मला पटकन उत्तर सुचले नाही.

हत्ताजोडी नावाची वस्तूही अशीच. वनस्पतीची मुळी म्हणून, तिजोरीत ठेवायला, शेंदूर लावून ती हजारो रुपयांना विकली जाते. ती मुळी नसून वाळवलेले नर घोरपडीचे जननेंद्रिय असते, हे तपासणीतून उघड झालेले आहे. कोणाच्या देव्हाऱ्यात ती असेल, तर ती काय आहे हे माहीत असलेले बरे.

पावसाळ्यात घोरपड अंगणात, विहिरीच्या कठड्यावर किंवा न्हाणीघरात आली, तर काठ्या घेऊन धावू नये. लहान मुलांना आणि कुत्र्याला आत घ्यावे, तिला वाट मोकळी ठेवावी. बहुधा ती आपणहून निघून जाते. नाहीच गेली, तर वनविभागाचा 1926 हा निःशुल्क क्रमांक आहे. तिच्या पिल्लाच्या अंगावरील ठिपक्यांमुळे ते महाविषारी असल्याची समजूत आहे, ती निराधार. तिच्या चाव्याने रेबीजही होत नाही, कारण तो सस्तन प्राण्यांचा रोग. मात्र जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, तीवर हळद-चुना भरू नये, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी दवाखाना गाठावा. साप चावला की घोरपड, अशी शंका असेल, तर साप चावला असे धरूनच निघावे.

इग्वानाचे काय करायचे, यावर त्या घरात दोन दिवस खल चालला. शेजारच्या एकाने सुचवले की, उजनीच्या काठावर झाडीत सोडून द्यावा, पळसनाथाच्या जुन्या देवळाकडे पाणी उतरले आहे, तिकडे कोण पाहतो. मी निक्षून नको म्हटले. मूळची आफ्रिकेची चिलापी या पाण्यात आली आणि पाहता पाहता सगळ्या जाळ्यांत तीच भरू लागली, हे आमच्या मासेमारांनी डोळ्यांदेखत पाहिले आहे. शिवाय दिव्याच्या उबेत वाढलेला तो जीव पुढच्या थंडीत तग धरील याची खात्री नव्हती. शेवटी नातू पुण्याहून आला आणि वडिलांना सोबत घेऊन वनविभागाच्या कार्यालयात स्वतः हजर झाला. प्राणी कोणाकडून, कधी, कितीला घेतला हे त्याने लेखी दिले. अधिकारी समंजस निघाले. प्राणी त्यांनी ताब्यात घेतला, चौकशी अजून सुरू आहे.

खोली ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन काढली. आजी बाराव्या दिवशी चालू लागल्या, साखर ताळ्यावर आली. परवा तपासणीला आल्या तेव्हा रक्तदाबाचा पट्टा बांधत असतानाच त्यांनी विचारले, "त्याला तिथं जास्वंद घालत्यात का वो?" वनविभागाला विचारून सांगतो, असे मी म्हटले आहे. अजून विचारायचे राहिले आहे.