विश्लेषण : नदीकाठी गाड्यांची भिंत आणि अडलेला कळप, सेरेंगेटीतल्या सफारीचं गणित कुठे चुकतंय?

जुलै २०२५ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाचा एक व्हिडिओ जगभर फिरला. मारा नदीच्या काठावर सफारीच्या गाड्यांची रांग लागली होती. पर्यटक गाड्यांमधून उतरून थेट काठापर्यंत गेले होते आणि नदी ओलांडायला आलेल्या विल्डबीस्टच्या कळपाची वाट अडली होती. ज्यांना पाहायला ही माणसं हजारो किलोमीटरवरून आली, त्यांनाच पुढे जायला जागा नव्हती.

व्हिडिओवर टीकेची झोड उठली. टांझानियाच्या राष्ट्रीय उद्यान प्राधिकरणानेही, म्हणजे ‘तानापा’नेही, नियमभंगाची दखल घेतली. समाजमाध्यमांवर बहुतेकांनी पर्यटकांना शिस्त नसल्याचं म्हटलं. पण एका ठिकाणी इतक्या गाड्या एकाच वेळी पोहोचतात कशा? नियम असूनही ते का पाळले जात नाहीत? आणि यात प्राण्यांचं नेमकं काय बिघडतं?

कळप नदी का ओलांडतात?

सेरेंगेटी हे सुमारे १४,७५० चौरस किलोमीटरचं उद्यान. १९५१ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९८१ मध्ये ‘युनेस्को’च्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला. उत्तरेला त्याची हद्द केनियाच्या मसाई मारा अभयारण्याला भिडते. माणसांसाठी तिथे सीमा आहे, प्राण्यांसाठी नाही.

या प्रदेशात सुमारे १३ लाख विल्डबीस्ट आहेत. सोबत झेब्रे आणि गझेल हरणांचे मोठे कळप असतात. पाऊस आणि कोवळं गवत जिथे, तिथे हे कळप जातात. फेब्रुवारीच्या सुमारास दक्षिणेकडच्या मैदानात विल्डबीस्टची पिल्लं जन्मतात. मैदान सुकू लागलं की कळप उत्तरेकडे सरकतात आणि साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात मारा नदीच्या परिसरात असतात. या काळात ते एकदाच नव्हे, तर गवताच्या शोधात अनेकदा नदीच्या या काठावरून त्या काठावर जातात.

ही नदी मुळातच धोक्याची आहे. मगरी असतातच, पण त्यांच्यापेक्षा जास्त बळी बुडून जातात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, २००१ ते २०१५ या काळात मारा नदीत दरवर्षी सरासरी ६,२५० विल्डबीस्ट बुडून मेले. हे पर्यटकांमुळे घडत नाही. तो निसर्गचक्राचा भाग आहे आणि त्या मृतदेहांवर मासे, गिधाडं, मगरी जगतात. पण यावरून एक गोष्ट कळते. नदीत कुठून उतरायचं आणि पलीकडे कुठे चढायचं, हा कळपासाठी जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. म्हणूनच कळप काठावर तासन्‌तास घुटमळतो, पुढे येतो, मागे फिरतो. अशा वेळी उताराची सोपी जागा गाड्यांनी अडवली, तर कळपापुढे दोनच पर्याय उरतात. माघारी फिरायचं, किंवा अवघड कड्यावरून उडी घ्यायची.

एवढी गर्दी जमते कशी?

सफारीच्या गाड्यांमध्ये रेडिओ असतो. आता त्यात मोबाइलवरच्या ग्रुपची भर पडली आहे. एका गाईडला चित्ता दिसला किंवा कळप नदीकाठी जमताना दिसला, की बातमी काही मिनिटांत आसपासच्या सगळ्या गाड्यांपर्यंत पोहोचते. हजारो चौरस किलोमीटरच्या जंगलात गाड्या विखुरलेल्या असतात, पण बातमी एकाच जागेची असते. त्यामुळे जंगल भलंमोठं असूनही कोंडी मात्र एखाद्या चौकात व्हावी तशी होते.

यामागे पैशाचं सरळ गणित आहे. अनेक गाईडच्या कमाईत पर्यटकांच्या टिपचा मोठा वाटा असतो. पर्यटक आयुष्यात बहुधा एकदाच येतो. त्याने लाखो रुपये मोजलेले असतात आणि जाहिरातीत नदी ओलांडणारे कळप पाहिलेले असतात. ‘काहीच दिसलं नाही’ असं म्हणत तो परतला, तर टिप कमी आणि कंपनीबद्दल ऑनलाइन तक्रार जास्त. एखादा गाईड नियम पाळून मागे थांबला, तर शेजारची गाडी पुढे जाते आणि तिच्यातल्या पर्यटकांना चांगला फोटो मिळतो. मग मागे थांबलेल्या गाडीतून प्रश्न येतो, ‘आपण का नाही जात पुढे?’

म्हणजे नियम पाळणाऱ्याचा तोटा आणि मोडणाऱ्याचा फायदा. दोष एकट्या उद्धट पर्यटकाचा असता, तर दंडाने भागलं असतं. इथे पर्यटक, गाईड आणि कंपनी या तिघांचाही फायदा एकाच दिशेला आहे.

नियम काय सांगतात?

नियम नाहीत असं मुळीच नाही. सेरेंगेटीत ताशी ५० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. सर्वसाधारण पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता सोडून गवतात शिरायचं नाही. ठरलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही. नदीकाठी कळप जमला असेल, तर पहिले प्राणी पाण्यात उतरेपर्यंत गाड्यांनी दूर थांबावं, हा तिथल्या जबाबदार गाईडचा शिरस्ता आहे.

मसाई मारातही एका प्राण्याभोवती एका वेळी पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत, असा नियम आहे. पण कोपऱ्याकोपऱ्यावर रक्षक उभे करता येत नाहीत. हंगामात नदीच्या एकेका घाटावर डझनावारी गाड्या उभ्या असताना कोणती पाचवी आणि कोणती सहावी, हे ठरवायला तिथे कुणी असावं लागतं.

प्राण्यांचं बिघडतं काय?

याचं सर्वांत ठोस उत्तर चित्त्यांच्या अभ्यासातून मिळतं. बिबट्या प्रामुख्याने रात्री शिकार करतो. सिंहही बऱ्याचदा अंधाराचाच फायदा घेतो. चित्ता मात्र मुख्यतः दिवसाउजेडी, सकाळी आणि संध्याकाळी शिकार करतो. नेमक्या त्याच वेळी सफारीच्या गाड्या जंगलात असतात.

मसाई मारा परिसरात २०१३ ते २०१७ या काळात केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्त्याची मादी एका वेतातली किती पिल्लं स्वतंत्र होईपर्यंत वाढवू शकते, हे त्यात पाहिलं गेलं. पर्यटन कमी असलेल्या भागात हे प्रमाण सरासरी २.३२ पिल्लं इतकं होतं. भरपूर पर्यटन असलेल्या भागात ते अवघं ०.२१ होतं. म्हणजे गर्दीच्या भागात पाच वेतांमागे जेमतेम एक पिल्लू मोठं होत होतं.

गाड्यांनी पिल्लांना चिरडलं, असा याचा अर्थ नाही. शिकार हुकते, मादीला वारंवार जागा बदलावी लागते, पिल्लांना कमी खायला मिळतं, अशी अप्रत्यक्ष कारणं यामागे असू शकतात. पर्यटकाला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसते ती गाडीजवळ निवांत बसलेली मादी. ‘गाड्यांची सवय झालीये त्यांना’ असं म्हटलं जातं. सवय झाली म्हणजे त्रास होत नाही असं नाही, हेच हे आकडे दाखवतात.

मग सफारी बंदच का करू नये?

कारण या जंगलाचा खर्च सफारीच भागवते. ‘तानापा’कडे वीसहून अधिक राष्ट्रीय उद्यानं आहेत. त्यातली बरीचशी स्वतःचा खर्च स्वतः काढू शकत नाहीत. सेरेंगेटी आणि किलिमांजारोसारख्या मोजक्या उद्यानांच्या उत्पन्नावर बाकीच्यांचा गाडा चालतो. २०२४ मध्ये टांझानियात २१ लाखांहून अधिक परदेशी पर्यटक आले आणि देशाला मिळणाऱ्या परकीय चलनात पर्यटनाचा वाटा मोठा आहे.

करोनाच्या काळात विमानं थांबली तेव्हा पूर्व आफ्रिकेतल्या उद्यानांचं उत्पन्न आटलं आणि गस्तीच्या खर्चालाही कात्री लागली. त्यामुळे ‘पर्यटन हवं की नको’ असा हा वाद नाहीच. किती गाड्या आणि कुठे, हा खरा प्रश्न आहे.

जमीन कुणाची, पैसा कुणाला?

या चित्रात आणखी एक बाजू आहे, जी फोटोत सहसा येत नाही. सेरेंगेटीच्या मैदानात मसाई पशुपालक पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारत होते. १९५९ मध्ये त्यांना उद्यानाबाहेर काढून शेजारच्या गोरोंगोरो संवर्धन क्षेत्रात हलवण्यात आलं. तिथे माणसं आणि वन्यप्राणी एकत्र राहतील, असं तेव्हा ठरलं होतं.

आता त्याच गोरोंगोरोमधून मसाईंना सुमारे ६०० किलोमीटर दूर म्सोमेरा इथे हलवलं जात आहे. लोकसंख्या आणि गुरं वाढल्याने पर्यावरणावर ताण येतोय आणि स्थलांतर ऐच्छिक आहे, असं सरकार सांगतं. शाळा, दवाखाने यांसारख्या सोयी कमी करून लोकांना निघून जायला भाग पाडलं जातंय, असा आरोप मानवी हक्क संघटनांनी केला आहे. जून २०२२ मध्ये लगतच्या लोलिओंडोत सुमारे १,५०० चौरस किलोमीटर जमीन संरक्षित क्षेत्र म्हणून आखताना पोलीस आणि मसाई यांच्यात हिंसक संघर्ष झाला.

गुरांमुळे निसर्गावर ताण येतो म्हणून पशुपालकाने जायचं आणि शेकडो गाड्यांनी मात्र नदीकाठी यायचं, हा विरोधाभास मसाईंना बोचतो. ताण मोजायचा तर दोघांचाही मोजायला हवा.

शुल्क वाढवून गर्दी कमी होते का?

केनियाने हा मार्ग निवडला. मसाई मारात परदेशी प्रौढ पर्यटकाला जुलै ते डिसेंबर या काळात दिवसाला २०० डॉलर, म्हणजे १७ हजार रुपयांच्या आसपास, प्रवेशशुल्क आहे. वर्षाच्या पहिल्या सहामाहीत ते १०० डॉलर आहे. यातून उत्पन्न वाढतं. पण नदीवरचा प्रसंग आयुष्यात एकदाच पाहायचा, असं ठरवून आलेला माणूस हा खर्चही करतो. शिवाय जास्त पैसे मोजले की ‘आता दिसलंच पाहिजे’ हा हट्टही वाढतो.

रवांडात पर्वतीय गोरिला पाहण्याचा परवाना १,५०० डॉलरचा आहे. पण तिथलं यश फक्त किमतीचं नाही. गोरिलाच्या एका कुटुंबाला दिवसाला जास्तीत जास्त आठ पर्यटक आणि एकच तास, ही मर्यादा काटेकोरपणे पाळली जाते. पर्यटनाच्या उत्पन्नातला १० टक्के वाटा आसपासच्या गावांसाठी ठेवला जातो. मोकळ्या मैदानातल्या लाखो विल्डबीस्टसाठी असे परवाने देता येणार नाहीत, हे खरं. पण नदीच्या एका घाटावर किती गाड्या सोडायच्या, हे नक्कीच ठरवता येतं.

मसाई माराच्या भोवती आणखी एक प्रयोग झाला आहे. मसाई जमीनमालकांनी आपल्या जमिनी एकत्र करून सफारी कंपन्यांना भाड्याने दिल्या. २०१० मध्ये सुरू झालेलं मारा नाबोइशो हे त्यातलं एक क्षेत्र. तिथे ५०० हून अधिक जमीनमालक आहेत, खाटांची संख्या मर्यादित आहे आणि तिथे मुक्कामी असलेल्यांनाच सफारी करता येते. मालकांना भाडं मिळतं आणि ठरलेल्या पद्धतीने गुरंही चारता येतात. ही व्यवस्था निर्दोष नाही. ती महाग आहे, पर्यटक थांबले की भाड्यावर संकट येतं. पण गाड्यांची संख्या आधीच ठरवली, तर गर्दी होतच नाही, हे ती दाखवते.

ही फक्त आफ्रिकेची गोष्ट आहे का?

मराठी वाचकाला हे दृश्य अनोळखी नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरजवळच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे सफारीच्या जिप्सींच्या मधोमध अडकले. व्हिडिओ पसरला, चालक आणि गाईडवर कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. इथेही प्रवेशाला गाड्यांची मर्यादा होती, पण आत गेल्यावर सगळ्या गाड्या एकाच वाघिणीपाशी पोहोचल्या.

दोन्हीकडे सर्वांत कमी कमावणाऱ्या माणसावर, म्हणजे चालक-गाईडवर, सर्वांत आधी कारवाई होते. ज्या मागणीपोटी तो गाडी पुढे घालतो, ती मागणी तशीच राहते.

पर्यटकाच्या हातात काय?

महाराष्ट्रातून दरवर्षी अनेक कुटुंबं केनिया-टांझानियाच्या सहलीला जातात. बुकिंग करतानाच काही गोष्टी विचारता येतात. एका प्राण्याभोवती किती गाड्या झाल्या की तुमची गाडी मागे फिरते? गाईडला ठरलेला पगार आहे की तो टिपवरच अवलंबून आहे? मुक्काम मुख्य उद्यानात की भोवतालच्या मर्यादित पर्यटनाच्या क्षेत्रात? विल्डबीस्ट पाहायचे तर फेब्रुवारीत दक्षिण सेरेंगेटीतही लाखोंनी दिसतात, नवजात पिल्लांसह, आणि तिथे सगळ्यांची नजर एकाच घाटावर खिळलेली नसते.

गाडीत बसल्यावर तर एकच वाक्य पुरतं. ‘आम्हाला जवळ नाही गेलं तरी चालेल.’ हे वाक्य पर्यटकाच्या तोंडून आलं, की नियम पाळणाऱ्या गाईडचा तोटा होत नाही. बाकीचं काम सरकारचं आहे. घाटावर गाड्या मोजायच्या, जास्तीच्या परत पाठवायच्या आणि दंड चालकाबरोबर कंपनीलाही करायचा.