क्यानन, कॅनन आणि आमचे सोवळे

सोवळ्याओवळ्याचे दिवस गेले, असे आपण मोठ्या तोंडाने सांगतो. पण हा शौक मोठा चिवट आहे. माणूस एक सोवळे फेडतो आणि लगेच दुसरे नेसतो. हल्लीचे सोवळे उच्चाराचे आहे, आणि ते रेशमी नसून विलायती आहे. माझी फिर्याद या सोवळ्यावर आहे. फिर्यादी कोण, तर धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यातला मास्तर. नावावर चार कादंबऱ्या असल्या तरी शिक्षण मॅट्रिकपर्यंतचेच. ‘हा कोण आम्हांला शिकवणार?’ असे ज्यांना वाटेल त्यांनी खुशाल पान उलटावे. पुढे राशिभविष्य आहेच.

गेल्या वर्षीची गोष्ट. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी कॅमेरा घ्यायचे ठरले. गावाने वर्गणी दिली. नववीतला एक मुलगा फोटोच्या कामात तरबेज. मामाच्या हाताखाली लग्नाचे फोटो काढून तयार झालेला. त्याला बरोबर घेऊन मी शहरातल्या एका झकपक दुकानात गेलो. पोराची तयारी पक्की होती. कोणते भिंग हवे, किती किंमत पडेल, सारे त्याने कागदावर लिहून आणले होते. तो पुढे झाला आणि म्हणाला, “आम्हाला क्याननचा क्यामेरा बघायचाय.”

गल्ल्यावरचे गृहस्थ हसले. “क्यानन नव्हे रे बाळ, कॅनन! कुठल्या गावचे तुम्ही?” शेजारची दोन गिऱ्हाइके हसली. आणि आता लपवायचे कशाला? मीही हसलो. आपण त्या पोराच्या बाजूचे नसून हसणाऱ्यांच्या बाजूचे आहोत, एवढे दाखवण्यासाठी हसलो.

परतीच्या एस.टी.त बार्शी गेली, येडशी आली, तरी पोराच्या तोंडून शब्द निघाला नाही. संमेलनाचे फोटो त्याने काढले, आणि उत्तम काढले. पण निवेदनाचे काम दरवर्षी तोच करी, ते मात्र त्याने सोडले. मी कारण विचारले तर म्हणाला, “नको सर, माझं बोलणं बरं न्हाई.”

हे वाक्य माझ्या काळजात रुतले. म्हटले, ज्या शुद्ध उच्चारापायी या मुलाची वाचा गेली, तो उच्चार आहे तरी कसा, हे एकदा मुळापासून पाहू. पाहिले, आणि स्वतःचीच लाज वाटली.

ही कंपनी जपानची. तिच्या संस्थापकांनी १९३४ साली पहिला नमुना केला, त्याचे नाव ठेवले ‘क्वानोन’. क्वानोन म्हणजे बौद्धांची करुणेची देवता. मूळचा आपला बोधिसत्त्व अवलोकितेश्वर! अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेऊन उभा असलेला पद्मपाणी तो हाच. छत्रपती संभाजीनगरजवळच्या लेण्यांत, सातव्या लेण्याच्या दारी, आठ महाभयांतून लोकांना तारतो तोही हाच. त्या कॅमेऱ्याच्या भिंगाला तर त्यांनी ‘कश्यप’ म्हटले होते. बुद्धाचा शिष्य महाकाश्यप, त्याच्यावरून. पुढे १९३५ साली ‘कॅनन’ हे नाव पेढीची निशाणी म्हणून नोंदवले गेले. आणि जपानी माणूस ते कसे उच्चारतो? साधारणपणे ‘क्यानोन’! म्हणजे दुकानदाराच्या कॅननपेक्षा माझ्या पोराचा क्यानन घराच्या अधिक जवळचा. ज्याचे कुलदैवत अजिंठ्यात बसलेले आहे, त्याच्या नावासाठी मराठवाड्याच्या पोराने इंग्रजाची चिठ्ठी आणायची, हा न्याय कुठला?

आता दुसरा घ्या. निप्पोन कोगाकू ही कंपनी १९१७ साली निघाली. त्या नावाचा संक्षेप करून पुढे ‘निकोन’ झाले. जपानी माणूस सरळ निकोन म्हणतो. इंग्लंडात त्याचे निकॉन झाले, अमेरिकेत नायकॉन. आमच्याकडे नायकॉन म्हणणारा निकॉन म्हणणाऱ्याला हसतो, निकॉनवाला निकानवाल्याला हसतो, आणि जपानी माणसाला कोणी विचारतच नाही! ‘लायका’चे तसेच. लाइट्स या जर्मन घराण्याचा कॅमेरा म्हणून लायका. १९२५ साली तो बाजारात आला. इंग्रजी अक्षरे पाहून त्याला ‘लीका’ म्हणणारे विद्वान मी पाहिले आहेत. त्यांना कोणी गाव विचारले नाही, कारण त्यांच्या गळ्यात टाय होता.

या साऱ्यात शहाणा निघाला तो जॉर्ज ईस्टमन. १८८८ साली त्याने ‘कोडॅक’ हे नाव नोंदवले. त्याला ‘के’ या अक्षराचे वेड. शब्द लहान हवा, चुकीचा उच्चारता येऊ नये आणि त्याला आधीचा काही अर्थ नसावा, असा विचार करून त्याने तो घडवला. बिचाऱ्याने जगाचा अंदाज बांधला, पण आमच्या आजीचा बांधला नाही. ती कोडाक म्हणे. आणि गंमत अशी, की तिच्या कोडाकने फोटो काही काळा पडला नाही!

इथे माझे सहव्यवसायी उठून विचारतील, “मास्तर, म्हणजे शुद्ध उच्चार नकोच म्हणता काय?” हवा तर! ‘श’ आणि ‘ष’, ‘न’ आणि ‘ण’ यांसाठी मी वीस वर्षे घसा कोरडा केला आहे. पण चूक सुधारणे वेगळे आणि माणूस उघडा पाडणे वेगळे. शिवाय परका शब्द परक्या ओठांवर आला की तो थोडा बदलणारच. हा भाषेचा स्वभाव आहे, अपराध नव्हे. आमच्याच जिल्ह्यातले तेर पाहा. गोरोबाकाकांचे गाव. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात त्याचे ‘तगर’ हे नाव येते. त्याच लेखकाने पैठणचे ‘पैठाना’ केले आहे आणि भरूचचे, म्हणजे भृगुकच्छाचे, ‘बारिगाझा’! त्या उच्चाराला हसून आपल्या वाडवडिलांनी त्या व्यापाऱ्यांना परत धाडले असते, तर रोमशी चाललेल्या व्यापाराच्या ज्या खुणा आज तेरच्या लामतुरे संग्रहालयात आपण अभिमानाने पाहतो, त्या तिथे दिसल्या असत्या काय? पाहुण्याचा बारिगाझा आम्ही चालवून घेतला आणि घरच्या पोराचा क्यानन आम्हांला खपत नाही!

आणखी एक आठवण सांगतो. ती सांगितल्यावाचून ही फिर्याद पुरी होणार नाही. ३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन करून माणसे झोपली होती, आणि पहाटे चारच्या सुमारास लातूर-धाराशिवची धरणी हादरली. किल्लारी, सास्तूर, गावेच्या गावे दगडमातीखाली गेली. हजारो माणसे गेली. मी तेव्हा शाळकरी पोर. आमच्याकडे लग्नसराईत फोटो काढणारे एक काका होते. कॅमेरा जपानी याशिका. काका त्याला ‘यशिका’ म्हणत, जणू घरातली लेकच. भूकंपानंतर त्यांच्या दारी माणसे येऊ लागली. घर गेले, त्याबरोबर भिंतीवरच्या तसबिरीही गेल्या. कोणी म्हणे, “अमक्या लग्नात माझी पोरगी करवली होती, बघा एखाद्या फोटूत आली असंल.” काका रात्ररात्र कंदिलाच्या उजेडात निगेटिव्हा चाळीत. एका बाईला त्यांनी पंगतीच्या फोटोतून तिच्या लेकीचा नखाएवढा चेहरा शोधून, मोठा करून दिला. बाईने तो छातीशी धरला आणि ती तिथेच मटकन खाली बसली. काकांनी पैसे घेतले नाहीत. तो कॅमेरा यशिका की याशिका, हे त्या दारात कोणी विचारले नाही.

म्हणून म्हणतो, उच्चाराला हसणारा माणूस भाषेची राखण करीत नाही; तो फक्त दार अडवून उभा राहतो. दुरुस्ती करायची तर कानात सांगावी, आणि सांगण्यापूर्वी आपल्याला ती नक्की ठाऊक आहे ना, हे पाहावे.

मी माझ्यापुरते प्रायश्चित्त घेतले. भर वर्गात अवलोकितेश्वराची सगळी हकीकत सांगितली आणि दुकानात मीही हसलो होतो, हेही सांगितले. तो मुलगा शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, “म्हंजी सर, तवा तुम्हीच चुकला.” मी म्हटले, “व्हय बाळा, मीच चुकलो.” वर्ग हसला, तोही हसला. पण माइकपुढे तो अजून आलेला नाही. हसायला मला एक क्षण पुरला होता. त्याची भरपाई वर्ष उलटले तरी होत नाही.

यंदाच्या दिवाळीत तुमच्याही अंगणात, पणत्यांच्या उजेडात, घरचे सगळे जण फोटोला उभे राहतील. फोटो काढणारे पोर कॅमेऱ्याला काय म्हणेल ते म्हणू द्या. आजी चौकटीत आली की नाही, तेवढे मात्र त्याला जरूर विचारा.