आईच्या फोनला दुसरे कुलूप



या खेपेचा विषय आपल्या सर्वांच्या खिशात आहे. गणपतीच्या प्रसादाची यादी, मुलांच्या मराठी शाळेच्या वेळा, ठाण्याच्या मावशीचा रक्तातल्या साखरेचा अहवाल, सगळे आता व्हॉट्सअ‍ॅपवर येते. आम्ही हे वार्तापत्र अजून झेरॉक्स करून घरोघर पाठवतो, पण ते मिळाले की नाही हे आपण आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवरच कळवता! तेव्हा त्या खात्याला कडी-कोयंडा आहे का, हे एकदा पाहून घेऊ.

आपल्यातल्या एका काकूंना मध्यंतरी पुण्याच्या भाच्याकडून निरोप आला. "काकू, माझा एक कोड चुकून तुमच्या नंबरवर गेलाय. सहा आकडे आहेत. पटकन पाठवता का?" फोटो भाच्याचा, नंबर भाच्याचा, आणि एसएमएसने सहा आकडे खरोखरच आलेले. काकूंनी ते पाठवण्याऐवजी भाच्याला साधा फोन लावला, म्हणून निभावले. भाच्याचे खाते आदल्या दिवशीच दुसऱ्या कोणाच्या तरी हाती गेले होते.

यातली मेख अशी. व्हॉट्सअ‍ॅपचे खाते म्हणजे तुमचा फोन नव्हे, तुमचा नंबर. कोणीही जगात कुठेही बसून आपल्या फोनमध्ये तुमचा नंबर टाकू शकतो. कंपनी मग खात्री करण्यासाठी सहा आकड्यांचा कोड त्या नंबरवर, म्हणजे तुमच्याकडे, पाठवते. तो कोड ज्याने आपल्या फोनवर टाकला, तो कंपनीच्या लेखी तुम्ही. तुमचा फोन त्याच क्षणी खात्यातून बाहेर पडतो. 2016 पासून या निरोपांना टोकापासून टोकापर्यंत सांकेतिक आवरण असते हे खरे. वाटेत कोणाला ते वाचता येत नाहीत. पण पत्र कितीही लाखबंद असले तरी पोस्टमनला पत्ताच दुसऱ्याचा दिला, तर लाख काय करणार?

चोराला तुमचे जुने संभाषण बहुधा मिळत नाही, कारण ते फोनमध्ये किंवा त्याच्या बॅकअपमध्ये असते. त्याला त्यात फारसा रसही नसतो. त्याला हवे असतात तुमचे ग्रुप. "माहेरची मंडळी"वर तुमच्या नावाने एक निरोप पडतो: अडचणीत आहे, कार्ड चालत नाही, उद्या परत करते. आणि इथे आपल्यासारखी घरे विशेष सापडतात. परदेशातल्या लेकीचे कार्ड अडकले, यात तिकडच्यांना नवल वाटत नाही. तिकडून दवाखान्यासाठी पैसे मागितले, तर इकडे आपण दोनदा विचारत नाही. शिवाय आपली संध्याकाळ म्हणजे त्यांची मध्यरात्र. खात्री करायला फोन करावा, तर म्हातारी माणसे झोपलेली. म्हणून "उगीच उठवायला नको" हा आपला संकोच एवढ्या एका बाबतीत सोडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पैशाचा निरोप आला तर खुशाल उठवावे.

आता दुसरे कुलूप. सेटिंग्ज उघडावे, त्यात अकाउंट, त्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन. ही सोय 2017 पासून सर्वांना मोफत आहे. तिथे आपल्या पसंतीचा सहा आकडी पिन ठेवायचा. पुढे कोणी तुमचा नंबर नव्या फोनवर नोंदवू लागला, तर एसएमएसच्या कोडानंतर हा पिनही मागितला जातो. जन्मतारीख नको, लग्नाची तारीख तर नकोच, ती सगळ्या ग्रुपला पाठ असते. पिन मधूनमधून विचारला जातो, तो विसरू नये म्हणूनच. त्यावर वैतागू नये. तिथेच आपला ईमेल पत्ताही द्यावा. पिन विसरलात आणि ईमेल दिलेला नसेल, तर सात दिवस थांबावे लागते.

आई-वडिलांच्या फोनवर हे काम रविवारच्या गप्पांमध्ये करून घेता येते. फक्त एक ध्यानात ठेवा आणि त्यांनाही सांगा: पिन लावताना एसएमएसने कोणताही कोड येत नाही. त्या वेळी असा कोड आलाच, तर तो दुसऱ्याच कोणाचा उद्योग समजावा आणि कोणालाही वाचून दाखवू नये. पोटच्या मुलालासुद्धा नाही. पिन घरातल्या वहीत, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहिला तरी चालेल. फोनच्या चोराला ती वही दिसत नाही.

हाच कोड फोन करूनही ऐकवला जातो. आपण झोपलेले असलो तर तो व्हॉइसमेलमध्ये जाऊन बसतो, आणि व्हॉइसमेलचा पिन मूळचाच ठेवलेला असेल, तर बाहेरून ऐकणे अवघड नसते. तोही बदलून घ्या.

सेटिंग्जमध्ये लिंक्ड डिव्हायसेस अशीही एक जागा आहे. तुमचे खाते आणखी कोणत्या संगणकावर उघडे आहे, ते तिथे दिसते. वाचनालयातला किंवा ऑफिसातला जुना संगणक सापडला, तर त्यावर बोट ठेवून लॉग आउट करावे. अनोळखी चौकटीचा कोड स्कॅन करा किंवा आठ अक्षरी कोड टाका, असे कोणी सांगितले तर तेही याच दाराने आत येणे असते. यात आपला फोन चालूच राहतो, त्यामुळे घरात कोणी शिरले आहे हे कळतही नाही.

नव्याने आलेल्या कुटुंबांना आणि विद्यार्थ्यांना मात्र निराळी गोष्ट सांगायची आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे व्हॉट्सअ‍ॅप अजून भारतातल्या नंबरावर आहे आणि ते सिम पासपोर्टच्या पाकिटात पडून आहे. वापर नसलेला नंबर बंद होतो, आणि बंद झाल्यावर किमान 90 दिवसांनी तो दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. मग नोंदणीचा कोड रीतसर त्या नव्या मालकाकडेच जाईल. तेव्हा एक तर तिकडे कोणाला सांगून नंबर चालू ठेवा, नाही तर अकाउंटमधल्या चेंज नंबर या सोयीने इथला नंबर लावा. तुमच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप चालू असेपर्यंत जुने सिम मेलेले असले तरी हे जमते. कोड फक्त नव्या नंबरावर येतो, ग्रुपही टिकतात. आमच्या माहितीतल्या एका घरी वडील गेल्यावर त्यांचा नंबर कोणी चालू ठेवला नाही. काही महिन्यांनी फोनमध्ये "बाबा" या नावापुढे एका अनोळखी तरुणाचा फोटो दिसू लागला. त्यात त्या मुलाचा काही दोष नव्हता, पण लेकीला ते फार लागले.

खाते गेलेच, तर रडत बसू नका. आपल्याच फोनवर नंबर पुन्हा नोंदवा आणि आलेला नवा कोड टाका, समोरचा बाहेर फेकला जातो. त्याने मधल्या वेळात स्वतःचा पिन लावला असेल तर तुम्हालाही सात दिवस आत जाता येत नाही, पण तोही आत राहत नाही. तोवर एसएमएसने आणि फोनने सर्व आप्तांना कळवा. पैसे गेले असतील तर इथल्या बँकेसाठी 159 फिरवा. भारतातल्या खात्यातून गेले असतील तर तिकडच्या माणसाला लगेच 1930 लावायला सांगा. तिथे पहिले काही तास मोलाचे असतात.

कोजागिरीला दुधाच्या पातेल्यापलीकडे आम्ही एक टेबल मांडणार आहोत. आमच्यातले दोघे तिथे बसतील. फोन आणि वाचायचा चष्मा घेऊन या; पिन आपला आपणच टाकायचा, आम्ही दुसरीकडे बघू.