पुस्तकातली आजी आणि पडद्यावरची आजी

मागच्या खेपेला आपण तुरीच्या डाळीला कीड लागू नये म्हणून काय काय करायचं ते पाहिलं. आज डबे-बरण्या जरा बाजूला ठेवू या. आज बोलायचंय भुतांबद्दल. हसू नका हं! हे भूत आमच्या अनसिंगच्या घरात शिरलं होतं आणि त्याला घरात आणायला थोडीशी मीच कारणीभूत होते. म्हणून तर तुम्हाला सांगावंसं वाटलं.

नारायण धारपांची पुस्तकं तुमच्यापैकी कितीजणींनी चोरून वाचली आहेत? मी वाचली आहेत. माहेरी असताना वाचनालयातून आणायची, वर वहीचं कव्हर घालायचं आणि रात्री सगळे झोपले की वाचायची. मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायची हिंमत व्हायची नाही. धारप १९२५ साली जन्मले आणि २००८ साली गेले. शिक्षण रसायनशास्त्राचं, पण एका सबंध पिढीची झोप त्यांनी उडवली. त्यांची भुतं विलायती वाड्यातली नव्हती. आपल्याच माजघरातली, माळ्यावरची, अंगणातल्या विहिरीतली. म्हणून तर जास्त भीती वाटायची!

त्यांची 'आजी' नावाची एक गोष्ट आहे. मूळ कल्पना अमेरिकेतल्या स्टीफन किंग यांची, त्यांच्या १९८४ सालच्या एका कथेतली. अंथरुणाला खिळलेली आजी आणि तिच्याजवळ घरात एकटं राहिलेलं पोर, एवढाच गाभा. धारपांनी तो मराठी घरात आणून बसवला. १९९३ साली आपल्या विदर्भातल्याच नागझिऱ्याच्या जंगलात राही अनिल बर्वे या मुलाला त्याच्या मित्राने धारपांची गोष्ट सांगितली. त्याच्या डोक्यातून ती काही गेली नाही. १९९७ साली, अठराव्या वर्षी, त्याने सिनेमाचा पहिला खर्डा लिहिला आणि 'तुंबाड' पडद्यावर आला तो १२ ऑक्टोबर २०१८ ला. मधली एकवीस वर्षं कशात गेली? निर्माते मिळाले, सोडून गेले. चित्रण केलं, मनासारखं झालं नाही म्हणून बरंचसं पुन्हा केलं. पाऊस खराच हवा म्हणून पावसाळ्यांची वाट पाहिली. एवढी चिकाटी आपण फक्त पापड वाळवताना दाखवतो!

आता पुस्तकाचा सिनेमा होताना काय झालं ते पाहा. गोष्टीतली आजी आणि एकटं पोर हे पहिल्या भागात राहिलं. बाकीचं सगळं वाढवलेलं. गावाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या १९८७ सालच्या कादंबरीवरून सुचलेलं, पण कथेचा तिच्याशी संबंध नाही. समृद्धीच्या देवीचा थोरला मुलगा हस्तर, त्याला सोनं मिळालं पण अन्न मिळालं नाही, म्हणून तो कायमचा भुकेला. हे नावही परदेशी भयकथांतल्या 'हस्टर'वरून आलेलं. नायक त्याला बाहेर काढायला काय वापरतो ठाऊक आहे? कणकेची बाहुली! भूत बाहुलीवर तुटून पडलं की त्याच्या कमरेच्या लंगोटातून मोहरा हिसकायच्या. मळलेल्या कणकेवर सोनं मिळतं हे पाहून माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "आपण रोज दोन वेळा मळतो, आपल्याला एक छदाम नाही मिळाला."

तर गोष्टीतली भीती होती खोलीत पडलेल्या म्हातारीची, आणि सिनेमा झाला माणसाच्या हावेचा. १९१८ साली सुरू होऊन १९४७ पर्यंत ती हाव बापाला गिळते. माझं विचाराल तर हा बदल चांगलाच झाला. पुस्तक जसंच्या तसं पडद्यावर उतरवलं असतं तर तासाभरात संपलं असतं. व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षकांच्या विभागाची सुरुवात या चित्रपटाने झाली, पंकज कुमारांच्या छायाचित्रणाला फिल्मफेअर मिळालं. आपल्याकडे मात्र पहिल्या वेळी फारशी गर्दी झाली नाही. लोक एकमेकांना सांगत राहिले, घरोघरी पाहत राहिले, आणि १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवला. असं भाग्य फार थोड्या चित्रपटांना येतं.

पण एक गोष्ट पुस्तकाकडेच राहिली. पुस्तकातलं भूत आपण आपल्यापुरतं रंगवतो. जेवढं सोसेल तेवढंच डोळ्यांपुढे आणतो, नाही सोसलं तर पान मिटतो. पडद्यावर तसं नाही. तिथे चेहरा आयता मिळतो, आणि लहान मुलांच्या मनात तो चेहरा चिकटून बसतो.

तेच आमच्याकडे झालं. २०२४ च्या दिवाळीत पुण्याहून पुतण्या आला होता. त्याने मोबाईलवर हा सिनेमा लावला आणि आमचा धाकटा, पाचवीतला, त्याच्या खांद्यावरून पाहत बसला. आम्ही बायका फराळाच्या गडबडीत. हा चित्रपट मोठ्यांसाठीचा आहे, 'ए' प्रमाणपत्राचा आहे, हे बघायला कोणाला सवड होती? सिनेमात साखळदंडाने बांधलेली ती म्हातारी आहे. तिला घास भरवायचा असतो, आणि जागी झालीच तर हस्तरचं नाव घेऊन निजवायचं असतं.

आमच्या घरात सासूबाई दोन वर्षांपासून अंथरुणाला आहेत. संध्याकाळचा चहा त्यांच्याकडे धाकट्यानेच न्यायचा अशी पद्धत. दिवाळीनंतर त्याने चहा नेणं बंद केलं. आधी अभ्यासाचं निमित्त, मग पोटाचं. एक दिवस कपबशी दाराशी ठेवून पळाला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. चार दिवस वाट पाहिली आणि पाचव्या दिवशी मला म्हणाल्या, "मले चहा नको देत जाऊ. पित्त होते." पस्तीस वर्षं दोन वेळा चहा पिणाऱ्या बाईला अचानक पित्त! मी समजले. त्यांना चहा नको होता असं नाही, आपल्याला घाबरणारं नातवंड बघायचं नव्हतं.

मी रागावले, समजावलं, आमिष दाखवलं. काही उपयोग झाला नाही. मग एका रात्री त्याला कुशीत घेऊन विचारलं, "तुला आजीची भीती का वाटते रे?" तो म्हणाला, "तूच तर म्हणायचीस, दंगा केला तर आजीच्या खोलीत कोंडीन!"

मैत्रिणींनो, माझ्या तोंडून शब्द फुटेना. खरंच म्हणायचे मी. जेवला नाही की बागुलबुवा, दंगा केला की आजी. सिनेमातली आई म्हातारीला हस्तरच्या नावाने निजवते आणि मी माझ्या पोराला आजीच्या नावाने गप्प करत होते. भीती मी आधीच पेरून ठेवली होती. सिनेमाने तिला नुसता चेहरा दिला.

मग मी काय केलं ते सांगते. तुमच्याकडे असा प्रसंग आला तर उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे, सिनेमातली ती आजी कोण आहे ते त्याला दाखवलं. मोहम्मद समद नावाचा मुलगा! जो सिनेमात नायकाचा मुलगा पांडुरंग झालाय, त्यानेच तोंडाला तासन् तास रंग आणि सुरकुत्या लावून म्हातारीचं सोंग घेतलंय. धाकट्याचा विश्वासच बसेना. "म्हणजे ती आजी पोरगा आहे?" असं तीनदा विचारून तो खो खो हसला. मुलांना 'भूत खोटं असतं' एवढं सांगून भागत नाही. ते कसं बनवलं ते दाखवलं की पटतं.

दुसरं, हसणारी भुतं दाखवली. द. मा. मिरासदारांची 'भुताचा जन्म' ही कथा वाचून दाखवली. १९९३ सालचा 'झपाटलेला' सगळ्यांनी मिळून दिवसाउजेडी पाहिला. तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्यांनी केलेला आणि लक्ष्मीकांत बेर्डे त्याला घाबरून धावतोय, हे पाहताना घाबरायचं की हसायचं हेच मुलांना कळत नाही. 'मुंज्या' आला २०२४ मध्ये, त्यातही आदित्य सरपोतदारांनी कोकणातलं पिंपळावरचं भूत असंच हसत-घाबरवत दाखवलंय. भीतीत हसू मिसळलं की मूल तिच्याकडे जरा धिटाईने पाहतं.

तिसरं मी नाही केलं, सासूबाईंनी केलं. एका संध्याकाळी मी कणीक मळत होते. धाकट्याने गोळा उचलला, बाहुली केली आणि चहाच्या कपाशेजारी ठेवून हळूच आजीच्या दारापर्यंत गेला. मी श्वास रोखून मागे उभी. त्याने बाहुली आत सरकवली. सासूबाईंनी ती उचलून पाहिली आणि म्हणाल्या, "काहून रे बाप्पा, कच्ची कनिक देतं काय मले? तुह्या मायले म्हना, याचा रोडगा भाजून आन. आन् तूप जास्त लाव. माह्या तोंडात एक तरी दात हाये काय, तुले खायाले?"

पोरगं आधी चपापलं, मग हसलं, आणि हसता हसता पलंगाच्या कडेला टेकलं. मी खरंच त्या बाहुलीचा रोडगा भाजला. तूप घालून कुस्करला आणि दोघांनी एका ताटलीत खाल्ला. सासूबाईंचं पित्त त्या दिवसापासून गेलं.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. अंधार पडल्यावर तो अजून त्या खोलीत दिवा लावूनच जातो. लावू दे. मी मात्र बागुलबुवाला घरातून कायमचा निरोप दिला आहे. जेवत नसेल तर ताट झाकून ठेवते, भूक लागली की येतो.

तेव्हा 'तुंबाड' जरूर पाहा, पण मुलं निजल्यावर. धारपांचं पुस्तक मिळालं तर आधी ते वाचा, म्हणजे गोष्ट कुठून निघाली आणि कुठे पोचली ते कळेल. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं नाव कधी भीतीसाठी वापरू नका. आपणही एक दिवस त्याच खोलीत, त्याच पलंगावर असणार आहोत आणि कोणीतरी चहा आणील म्हणून दाराकडे बघणार आहोत.

तुमच्या घरी मुलांची अशी भीती तुम्ही कशी घालवलीत? जरूर कळवा. पुढच्या खेपेला हिवाळ्यातले रोडगे, पानगे आणि सोबतीचं वांग्याचं भरीत. कणीक जरा जास्तच मळा.