दुसऱ्याच्या मनगटावरील घड्याळ

पनवेल तालुक्यातील बेलपाडा हे गाव आज खारघर नगराच्या कुशीत विसावले आहे. १९७० साली सिडको या संस्थेची स्थापना झाली आणि त्यानंतर भातशेतीच्या व खाडीकाठच्या अनेक गावांभोवती नवी मुंबई उभी राहिली. बेलपाडा हे त्यांपैकीच एक. पूर्वी खाडीकाठच्या माणसाचा दिवस दोन गोष्टींवर चाले: एक सूर्य आणि दुसरी भरती. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. तिथीवरून हा हिशेब मांडता येत असे. त्याकरिता मनगटावर काही बांधावे लागत नसे. शेजाऱ्याची भरती आपल्या भरतीपेक्षा मोठी आहे काय, असे होडी पाण्यात लोटणाऱ्या माणसाच्या मनातही येत नसे.

आता काळ पालटला आहे. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलपाडा स्थानकात मेट्रो थांबू लागली. गाडीत गर्दी असली म्हणजे उभे असलेले प्रवासी वरच्या कड्या धरतात, आणि बारा वर्षांच्या मुलाने मान किंचित वर केली की त्याच्यासमोर मनगटांची एक रांगच उभी राहते. एका मनगटावर सोनेरी पट्ट्याचे घड्याळ, दुसऱ्यावर पावले मोजणारे काळे चौकोनी यंत्र, तिसऱ्यावर नुसता काळा धागा. इतकी घड्याळे पाहूनही किती वाजले हे त्या मुलाच्या ध्यानात राहत नाही. परंतु आपल्याला कोणते घड्याळ हवे, हे मात्र गाडीतून उतरण्यापूर्वीच ठरून गेलेले असते.

हा मोह लहान मुलांनाच होतो असे मात्र नाही. मोठमोठ्या मिशा असलेले पुरुषही या बाबतीत मुलांसारखेच वागत आले आहेत. शंभरसव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातील पुरुष साखळीचे घड्याळ खिशात ठेवीत. मनगटावर बांधावयाचे घड्याळ त्या वेळीही मिळत असे. पण ते स्त्रियांचा दागिना मानले जाई, आणि म्हणून पुरुष त्याला हात लावीत नसत. पुढे १९१४ ते १९१८ या काळात पहिले महायुद्ध झाले. खंदकातील सैनिकाला एका हातात बंदूक धरून दुसऱ्या हाताने खिसा चाचपीत बसणे शक्य नव्हते. त्याने घड्याळ मनगटावर बांधले. युद्ध संपले, सैनिक घरी परतले, आणि ज्यांनी कधी खंदक पाहिला नव्हता असे पुरुषही मनगटी घड्याळ वापरू लागले. ज्याला ते कालपर्यंत बायकी म्हणत होते, तेच आज मर्दानी ठरले! वस्तू तीच होती. बदलला होता तो तिचा मालक.

हार्वे लायबेन्स्टाइन नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली या प्रवृत्तीचा विचार केला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, काही माणसे एखादी वस्तू पुष्कळांजवळ आहे म्हणून घेतात. वाजंत्र्यांची गाडी निघाली की तिच्यामागे जसा घोळका जमतो, तसाच हा प्रकार होय. दुसरी काही माणसे याच्या अगदी उलट वागतात. वस्तू पुष्कळांजवळ झाली की ती त्यांना नकोशी होते. तिसऱ्या माणसांना वस्तू महाग असते म्हणूनच हवी असते. यांतील दुसऱ्या प्रकारचा माणूस स्वतःला मोठा स्वतंत्र बुद्धीचा समजतो. परंतु चार जणांसारखे घड्याळ घेणारा आणि चार जणांकडे नसलेलेच घड्याळ शोधणारा, हे दोघेही त्या चार जणांच्या मनगटांकडेच पाहत असतात. हातच्या काकणाला आरसा लागत नाही असे म्हणतात. घड्याळाला मात्र दुसऱ्याच्या डोळ्यांचा आरसा लागतो. नामांकित कंपनीचे नाव छापलेली नकली घड्याळे बाजारात खपतात, ती याच आरशासाठी. ते नाव खोटे आहे हे घेणाऱ्याला पक्के ठाऊक असते, तरीही तो पैसे मोजतो. मग तो काय विकत घेतो? पाहणाऱ्याची नजर, दुसरे काय!

एवढ्यावरच हा प्रकार थांबला असता, तर त्याकडे हसून दुर्लक्ष करता आले असते. पण महाराष्ट्रात याच घड्याळापायी कित्येक घरांत अश्रू आले आहेत. हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूर येथे मनगटी घड्याळांचा कारखाना सुरू केला. तोपर्यंत चांगले घड्याळ म्हणजे परदेशी घड्याळ, असाच समज होता. एच.एम.टी. या तीन अक्षरांनी तो मोडला. तिच्या एका घड्याळाचे नावच ‘जनता’ होते. शाळामास्तर, कारकून, रेल्वेतील नोकर यांच्या मनगटावर ते घड्याळ दिसू लागले, आणि एकाचे पाहून दुसऱ्याने ते घेतले. यात वाईट काहीच नव्हते. शेजाऱ्याचे घड्याळ दहा वर्षे बिनतक्रार चालते हे डोळ्यांनी पाहून घेतलेला निर्णय शहाणपणाचाच म्हणावा लागेल.

परंतु त्याच काळात लग्नाची यादी करावयास बसलेल्या वरपक्षानेही शेजारी पाहिले. अमक्याच्या मुलाला सासऱ्याने घड्याळ दिले, मग आमच्या मुलाला का नको, असा प्रश्न निघे. सायकल, रेडिओ आणि घड्याळ अशी मागणी गावोगाव होऊ लागली. विशेष हे की, ज्या १९६१ साली हा कारखाना निघाला, त्याच साली हुंडाप्रतिबंधक कायदाही अमलात आला होता. कायदा कागदावर राहिला आणि घड्याळ नवरदेवाच्या मनगटावर चढले. त्या नवरदेवाला वेळेची फार निकड होती असे नव्हे. कित्येकांचा दिवस शेताच्या बांधावर जाई, आणि तेथे सूर्य फुकट वेळ सांगत असे. घड्याळ हवे होते ते मांडवात दिसण्यासाठी. त्याची किंमत मात्र मांडवात न दिसणाऱ्या ठिकाणी, सावकाराच्या वहीत, मुलीच्या बापाच्या नावावर मांडली जाई. ऋण काढून सण करणारा निदान आपल्या हौसेसाठी कर्ज काढतो; हा बाप परक्याच्या हेव्यासाठी काढीत होता.

हे ऐकून कोणी म्हणेल, दुसऱ्याकडे पाहूच नये हे बरे. हा उपदेश ऐकावयास गोड वाटतो, पण तो खरा नव्हे. घड्याळ ही वस्तूच मुळी दुसऱ्यावाचून निरुपयोगी आहे. ओसाड बेटावरील एकट्या माणसाला साडेदहा वाजले काय किंवा अकरा वाजले काय, सारखेच. आपले घड्याळ इतरांच्या घड्याळाशी जुळते, म्हणून तर गाडी मिळते आणि शाळा भरते. १९०६ साली भारतात प्रमाणवेळ सुरू झाली, तेव्हा मुंबईकरांनी तिला विरोध केला आणि आपली जुनी ‘मुंबई वेळ’ सोडली नाही. ही वेळ प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे असे. नगरपालिकेची घड्याळे पुढेही बरीच वर्षे तीच दाखवीत होती. एकाच शहरात वर्षानुवर्षे दोन वेळा चालल्या, आणि भेटीची वेळ ठरविताना कोणती वेळ, हेही विचारावे लागे. तेव्हा वेळ दुसऱ्याशी जुळावी, हे योग्यच आहे. पण ती वेळ दाखविणारी डबीही दुसऱ्याच्या डबीशी जुळावी, हा हट्ट कशासाठी?

दुसऱ्याचे घड्याळ पाहावे. मात्र नीट पाहावे. मनगटावर दिसते ते चालू घड्याळ. बंद पडलेले घड्याळ कपाटाच्या खणात असते, आणि ते कोणी चार जणांत मिरवीत नाही. नवे घड्याळ घेतलेला मनुष्य आठवडाभर बाही वर करून हिंडतो. तेच घड्याळ सहा महिन्यांनी बिघडले तर बाही खाली येते आणि तोंडही बंद होते. त्यामुळे शेजाऱ्यांची खरेदी पाहणाऱ्याला दिसते, पण त्यांचा पश्चात्ताप दिसत नाही. वस्तू हप्त्यांनी घेतलेली असेल, तर तो हप्ताही मनगटावर लिहिलेला नसतो.

घड्याळाच्या पोटात काय आहे, हेही बाहेरून कळत नाही. जपानच्या सेको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी स्फटिकावर चालणारे पहिले मनगटी घड्याळ बाजारात आणले. त्याची किंमत चार लाख पन्नास हजार येन होती. आजच्या बहुतेक अशा घड्याळांतील गारेचा स्फटिक विजेच्या योगाने सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, आणि ते कंप मोजून घड्याळ चालते. त्या काळी श्रीमंतांनाच परवडणारी ती युक्ती आज फुटपाथवरच्या स्वस्त घड्याळातही असते. चावी द्यावी लागणारे लाखाचे घड्याळ दिवसाला काही सेकंद चुकते, तर काही शे रुपयांचे स्फटिकाचे घड्याळ तेवढे चुकावयास बरेच दिवस घेते. चावीच्या घड्याळात कारागिरी असते, आणि कारागिरीवर प्रेम असणाऱ्याने ते अवश्य घ्यावे. पण वेळ अधिक अचूक दाखविते म्हणून ते घेतले, असे कोणी सांगू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

कोकणातला पाऊस आणि घाम यांचाही विचार करावयास हवा. तबकडीवर किंवा पाठीवर ‘३० मीटर’ असे लिहिलेले पाहून पुष्कळ मुले घड्याळासकट पोहावयास उतरतात. त्या अक्षरांचा अर्थ व्यवहारात एवढाच की, हात धुताना उडालेले शिंतोडे घड्याळ सोसेल. पोहण्यासाठी त्याहून पक्की बांधणी लागते. ही गोष्ट ज्याच्या घड्याळात एकदा पाणी शिरले आहे, तोच नीट सांगू शकतो, आणि अशा माणसाचा अनुभव शंभर चकचकीत मनगटांहून अधिक मोलाचा असतो. पट्टा किती दिवसांत सुटतो, सेल कोठे बदलून मिळतो, बिघडल्यावर सुटे भाग मिळतात काय, हे त्यालाच विचारावे. ज्या एच.एम.टी.ने एके काळी घरोघर वेळ पोहोचविली, तिची घड्याळाची कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. ती घड्याळे जपणाऱ्यांना आज दुरुस्तीसाठी जाणता कारागीर शोधत फिरावे लागते.

दुकानात गेलेल्या गिऱ्हाइकापुढे दुकानदार पाच-सहा घड्याळे मांडतो आणि त्यांतील एकावर बोट ठेवून म्हणतो, “हल्ली सगळे हेच नेतात.” त्या वाक्याने निम्मी विक्री होऊन जाते. अशा वेळी मुलाने किंवा मुलीने घाई न करता एकच विचारावे, “नेलेल्यांपैकी किती जण दुरुस्तीला घेऊन आले?”