वहीतले १०० आणि तापमापीतले ९८



दरवर्षी प्रात्यक्षिक परीक्षेच्या सुमारास माझ्या टेबलावर प्रयोगवह्यांचा ढीग येऊन पडतो. त्यांत वाफेचा अप्रकट उष्मा काढण्याचा प्रयोग असतो आणि 'वाफेचे तापमान' या रकान्यात झाडून साऱ्या वह्यांत एकच आकडा असतो: १०० अंश सेल्सिअस. आमचे महाविद्यालय पुण्यात आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर असल्याने येथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. मग हे १०० आले कोठून? एक तर कोणी तापमापीकडे पाहिलेच नाही, किंवा पाहिले आणि स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. मला दुसरी शक्यता अधिक खरी वाटते. शाळेत असताना मी ९८ लिहिले होते. शिक्षकांनी तांबड्या शाईने त्यावर काट मारली, शेजारी १०० लिहिले आणि शेरा दिला, 'नीट पाहा.' मी नीटच पाहिले होते!

पाणी उकळते म्हणजे नेमके काय होते, ते आधी पाहू. पाण्याची वाफ कोणत्याही तापमानाला होतच असते. दोरीवरचे कपडे वाळतात ते त्यामुळेच. तापमान वाढेल तसा या वाफेचा दाब वाढत जातो. पाण्याच्या पोटात वाफेचा बुडबुडा तयार झाला, तरी बाहेरची हवा त्याला चेपून टाकते. ज्या तापमानाला वाफेचा दाब हवेच्या दाबाइतका होतो, त्या तापमानाला बुडबुडे तग धरतात, वर येतात आणि पाणी खळखळू लागते. त्यानंतर चूल कितीही मोठी केली, तरी तापमान वाढत नाही. सारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी. म्हणजे उत्कलनबिंदू हा एकट्या पाण्याचा गुण नव्हे. तो पाणी आणि त्यावरची हवा या दोघांनी मिळून ठरवलेला असतो. जसजसे उंच जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि ढोबळ मानाने दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू एका अंशाने उतरतो. महाबळेश्वरला तो ९५ ते ९६ अंशांच्या दरम्यान असतो.

मग बर्फाचे काय? दाब बदलला की त्याचा वितळणबिंदूही बदलायला हवा. तो बदलतो, पण किती? दाब एका वातावरणाने वाढवला, तर अंशाचा सुमारे १३० वा भाग, आणि तोही खाली! या फरकाचे कारण मोठे सुंदर आहे. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १,६७० पट होते, तर बर्फाचे पाणी होताना ते जेमतेम बाराव्या हिश्शाने घटते. अवस्था बदलताना आकारमानात जितका मोठा फरक, तितकी दाबाची सत्ता अधिक. यामागचे गणिती सूत्र फ्रान्समधील क्लॅपेरॉन याने १८३४ साली मांडले. जेम्स थॉमसनने १८४९ साली बर्फाबद्दलचे हे भाकीत केले आणि त्याचा भाऊ विल्यम, म्हणजेच पुढचा लॉर्ड केल्व्हिन, याने पुढच्याच वर्षी ते मोजून दाखवले.

शंभर हा आकडा तरी निसर्गाने दिलेला आहे का? स्वीडनमधील अँडर्स सेल्सिअसने १७४२ साली आपली मापनश्रेणी सुचवली, तेव्हा त्याने उकळत्या पाण्याला शून्य आणि वितळत्या बर्फाला शंभर म्हटले होते! ती उलटी झाली नंतर. पण हवेच्या दाबाप्रमाणे उत्कलनबिंदू सरकतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. आजच्या काटेकोर मापनानुसार प्रमाण दाबालाही पाणी ९९.९७ अंशांवर उकळते. मूळ ग्रंथकाराने घातलेली अट पाठ्यपुस्तकाच्या कोपऱ्यात गेली आणि आकडा तेवढा चौकटीत उरला, ही माझी तक्रार आहे.

कोणी म्हणेल, दोन अंशांसाठी एवढा गहजब कशाला? हिशेब मांडून सांगतो, त्या प्रयोगाच्या उत्तरात खरोखरच फारसा फरक पडत नाही. ५४० मध्ये दोन कॅलरींचा. पण या सरकणाऱ्या आकड्यावर एका माणसाने मुलखाची उंची मोजली होती. कुमाऊंमधील मिलम गावचे नैनसिंह रावत हे पेशाने शाळामास्तर. भारतीय सर्वेक्षण खात्यासाठी ते १८६५ मध्ये वेष पालटून तिबेटात निघाले आणि जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोचले. जवळ लपवलेली तापमापी होती. ती उकळत्या पाण्यात धरून, किती अंशांवर पाणी उकळते ते पाहून ते त्या जागेची उंची काढीत. ल्हासा सुमारे ३,६५० मीटर उंच आहे. तेथे पाणी ८८ अंशांच्या जवळपास उकळते. मास्तरांनी पुस्तकातले १०० लिहिले असते, तर ल्हासा समुद्रकिनाऱ्यावर आले असते.

१८३५ साली अँडीज पर्वत ओलांडताना चार्ल्स डार्विनच्या सोबत्यांचे बटाटे रात्रभर आधणात राहूनही शिजले नाहीत. त्यांनी दोष दिला तो नव्या भांड्याला. पाण्यात मीठ टाकून त्यांचे काम झाले नसते, कारण उत्कलनबिंदू एक अंश चढवायलाही लिटरभर पाण्यात सुमारे ५८ ग्रॅम मीठ लागते. बटाटे कोण खाणार? त्यांना हवा होता आपला प्रेशर कुकर, जो आतला दाब जवळजवळ दुप्पट करून पाणी १२० अंशांपर्यंत नेतो.

आता शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. 'पाणी किती अंशांवर उकळते?' या प्रश्नाला नुसत्या '१००' या उत्तराचे पूर्ण गुण देऊ नका. दाबाचा उल्लेख असेल तरच द्या. आणि वहीत ९८ दिसले तर काट मारण्याआधी ती तापमापी ठेचलेल्या, वितळत्या बर्फात बुडवून पाहा. तेथे ती शून्य दाखवत असेल, तर निदान त्या टोकाला ती खरी आहे. प्रयोगात फुगा पाण्यात न बुडवता पाण्याच्या वर, वाफेत धरायला लावा. काचेच्या स्वच्छ पात्रात पाणी कधीकधी उत्कलनबिंदूच्याही वर तापते आणि मग एकदम उसळते. वाफ मात्र अशी खोडी करीत नाही. हेन्री कॅव्हेंडिश आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या समितीने लंडनच्या रॉयल सोसायटीला १७७७ सालीच हा सल्ला दिला होता.

मी यंदापासून वहीत एक रकाना वाढवला आहे: 'त्या दिवशीचा हवेचा दाब'. वायुभारमापक भिंतीवर कित्येक वर्षे टांगलेला होताच. त्याच्यावरची धूळ तेवढी पुसावी लागली.