ऑपरेशन झालं, पुढे काय?

रविवार आहे, माऊस सोडा आणि एक करून बघा. अंगठा करंगळीला टेकवा आणि मनगट जरा आत वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखं काही वर आलं? ती पामारिस लाँगसची कंडरा, म्हणजे टेंडन. काहींना ती जन्मतःच नसते आणि त्यांचं काहीही अडत नाही. म्हणूनच सर्जन लोक तिच्याकडे स्पेअर पार्ट म्हणून बघतात.

हे ज्ञान मला शेजारच्या काकांमुळे मिळालं. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांचा उजवा हात रोलरमध्ये गेला. बोटं शाबूत, पण हाताच्या पाठीवरची कातडी आणि बोटं सरळ करणाऱ्या कंडरा गेल्या. "बोटं वाचली ना, मग झालं!" असं अख्खी सोसायटी म्हणाली. मीसुद्धा.

झालं कसलं! उघड्या हाडावर नुसती पातळ कातडी लावून चालत नाही, तिला खालून रक्त मिळावं लागतं. मग जांघेजवळच्या कातडीचा जाड पट्टा, एक टोक जागेवरच ठेवून, हातावर शिवतात. तीनेक आठवडे हात जांघेला जोडलेला! मॅकग्रेगर आणि जॅक्सन यांनी 1972 साली मांडलेली ही पद्धत अजून टिकून आहे, कारण तिला मायक्रोस्कोप लागत नाही. नंतर त्या कातडीखाली सिलिकॉनची कांडी ठेवायची. तिच्याभोवती गुळगुळीत बोगदा तयार झाला, की काही महिन्यांनी कांडी काढून तिथून कंडरा ओवायची. लेंग्यात नाडी ओवतात ना, तशी.

सर्जननी काम चोख केलं. घोळ पुढे झाला. ओवलेली कंडरा हलवली नाही तर आजूबाजूला चिकटून बसते, फार हलवली तर तुटते. म्हणून स्प्लिंट आणि महिनोन्महिने जाणकाराच्या नजरेखाली व्यायाम. त्यासाठी काकांना मुंबई गाठावी लागायची. असा हात घेऊन सकाळची डोंबिवली फास्ट... तुम्हाला काय सांगायचं! त्यात नोकरी कंत्राटी, खाडा केला की पैसे कट. चार-पाच खेपांनंतर जाणं बंद. आज मूठ अर्धीच वळते.

1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात कोष्टक होतं: अंगठा गेला तर 30 टक्के, अख्खी तर्जनी गेली तर 14 टक्के. अर्धवट ताठरलेल्या बोटाला त्यात ओळ नव्हती. ते डॉक्टर ठरवतील तसं.

माझं म्हणणं साधं आहे. व्यायामाचे ते महिने ऑपरेशनचाच भाग धरा. त्या तासांचा पगार मालकाने द्यावा, आणि ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या पालिका रुग्णालयांत हाताची थेरपी शिफ्ट सुटल्यावर, संध्याकाळी सात ते नऊ मिळावी. फ्लायओव्हरपेक्षा स्वस्त पडेल हो!

काल काका लिफ्टमध्ये भेटले. पिशवी डाव्या हातात. म्हणाले, "तू दहाही बोटांनी टाईप करतोस का रे?"